औषध किती वेळा मारलंय?

शनिवारी बाराचा तास संपला की मी स्टाफरूममध्ये रेंगाळत नाही. टेबलाच्या खणातल्या दोन कापडी पिशव्या काढायच्या आणि थेट बाजार गाठायचा, ही माझी पंधरा-सोळा वर्षांची सवय. बेळगावचा शनिवारचा बाजार ज्यांनी पाहिलाय त्यांना त्याचं वर्णन करून सांगायला नको. एका अंगाला तालुक्याच्या पश्चिम भागातली मराठी, दुसऱ्या अंगाला पूर्व भागातलं कन्नड आणि मध्ये उभं राहून दोन्ही भाषांत घासाघीस करणारे आपण! ‘मावशी, मेथी कशी दिली?’ आणि ‘अक्का, बदनिकाई एष्ट?’ हे दोन्ही प्रश्न एका दमात विचारणारी गिऱ्हाइकं दुसरीकडे कुठे मिळायची?

गेल्या काही वर्षांत या दोन भाषांत एक तिसरा शब्द येऊन बसलाय. ‘ऑरगॅनिक घ्या बाई, ऑरगॅनिक!’ मराठीत त्याला सेंद्रिय म्हणतात, कन्नडमध्ये सावयव. दोन्ही शब्द मूळचे संस्कृत, दोन्ही सरकारी पत्रकांतले. बाजारात मात्र ते कोणी उच्चारत नाही. बाजाराचे शब्द वेगळे. मराठी शेतकरी फवारणीला ‘औषध मारणं’ म्हणतो आणि कन्नड शेतकरी ‘एण्णी होडियोदु’, म्हणजे तेल मारणं. एकाच्या तोंडी औषध, दुसऱ्याच्या तोंडी तेल. विष हा शब्द दोघांनीही टाळलाय, याची गंमत वाटते आणि थोडी भीतीही.

आणखी एक शब्द म्हणजे ‘जवारी’. तो दोन्ही भाषांचा आणि आपल्या सगळ्यांचा लाडका. जवारी काकडी, जवारी टोमॅटो, जवारी कोथिंबीर म्हटलं की आपण डोळे झाकून पिशवी पुढे करतो. पण जवारी म्हणजे बियाणं गावठी, एवढंच. त्यावर फवारा मारला नाही असा त्याचा अर्थ होत नाही. हे मला फार उशिरा कळलं आणि तेही माझ्या माहेरी!

माहेरची पिशवी

माझं माहेर पश्चिम भागातल्या एका लहानशा गावात. थोडी भाताची जमीन, थोडी लाल मातीची. पावसाळ्यात भात आणि रताळी, त्यानंतर कोबी, फ्लॉवर, मिरची. दादा शेती बघतो. लग्न होऊन मी शहरात आले तेव्हापासून महिन्यातून दोन-तीनदा माहेरची भाजीची पिशवी येते. वांगी, घेवडा, लाल भाजी, एखादा कोबीचा गड्डा. कॉलेजमध्ये डबा उघडला की मी मोठ्या अभिमानाने सांगायची, “आमच्या घरची आहे हं, औषध न मारलेली!”

तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत मी गावी गेले होते. सकाळी सहज शेताकडे गेले तर दादा तोंडाला टॉवेल बांधून, पाठीवर पंप घेऊन कोबीत फिरत होता. मी विहिरीपाशी उभी राहिले. फवारणी झाल्यावर विचारलं, “दादा, आपण तर औषध मारत नाही ना?”

दादा हसला. विहिरीशेजारच्या चार वाफ्यांकडे बोट करून म्हणाला, “तो घरचा वाफा. त्याला न्हाई मारत. ही विकायची.”

त्या एका वाक्याने माझा इतक्या वर्षांचा अभिमान उतरला. माझ्या डब्यातली भाजी चार वाफ्यांची होती. उरलेलं सगळं शेत दुसऱ्या कुणाच्या तरी डब्यासाठी होतं. विचारलं तर कळलं की कोबीच्या एका पिकाला आठ-नऊ वेळा फवारणी होते. माल गाडीत भरायच्या दोन दिवस आधी मारायलाही कमी करत नाहीत, कारण गड्ड्यावर एक भोक दिसलं की व्यापारी पट्टीत कापतो. बेळगावची भाजी गोव्याला जाते हे आपण कौतुकाने सांगतो. तिच्याबरोबर आणखी काय जातं, हा प्रश्न त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या मनात आला.

मी रागावले. दादा शांतपणे म्हणाला, “तू महिन्याला पगार घेतेस. मला तीन महिन्यांनी एकदा पट्टी मिळते. अळीने कोबी खाल्ला तर मी कुणाकडं जाऊ?”

मला उत्तर सुचलं नाही.

लिंबांचा बाजार

मी अर्थशास्त्र शिकवते. पदवीच्या वर्गाला जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाचा १९७० सालचा एक प्रसिद्ध निबंध समजावून सांगावा लागतो. याच विषयातल्या कामासाठी त्यांना २००१ मध्ये दोघा सहकाऱ्यांसह नोबेल मिळालं. निबंधाच्या नावात ‘लिंबांचा बाजार’ असे शब्द आहेत. तिकडे बोलीभाषेत फसव्या, खराब मोटारीला लिंबू म्हणतात. मुद्दा सोपा आहे. जुनी गाडी चांगली की खराब हे विकणाऱ्याला ठाऊक असतं, घेणाऱ्याला नसतं. म्हणून घेणारा सगळ्यांनाच मधली किंमत देऊ करतो. ती चांगल्या गाडीच्या मालकाला परवडत नाही, तो बाजारातून निघून जातो. शेवटी बाजारात उरतात ती लिंबंच!

वर्षानुवर्षं मी हे मोटारींचं उदाहरण देत आले. त्या वर्षी मात्र फळ्यावर कोबीचा गड्डा काढला. न फवारलेला कोबी आणि परवा फवारलेला कोबी शेजारी ठेवले तर तुम्ही-आम्ही ओळखू शकू का? चवीने नाही, वासाने नाही. उलट फवारलेला अधिक तुकतुकीत दिसतो. मग ज्याने खरोखर कष्ट घेतले त्याला जास्त पैसे कोण देणार? आणि नाही दिले तर तो दुसऱ्या वर्षी पंप पाठीला लावणारच. मागच्या बाकावरचा एक शेतकऱ्याचा मुलगा म्हणाला, “मॅडम, म्हणजे शनिवारच्या बाजारात आमीच लिंबू!” वर्ग हसला. मला नीट हसता आलं नाही.

हा अविश्वास दूर व्हावा म्हणूनच प्रमाणपत्रं आली. केंद्र सरकारने २००१ साली राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम सुरू केला. त्यात बाहेरच्या संस्थेचा निरीक्षक येऊन शेत आणि कागदपत्रं तपासतो. भाजीपाल्यासारख्या हंगामी पिकांना पेरणीपूर्वी किमान दोन वर्षं आणि फळबागांना पहिल्या तोडणीपूर्वी किमान तीन वर्षं रूपांतराचा काळ काढावा लागतो. २००४ मध्ये कर्नाटक सरकारने आपलं सेंद्रिय शेती धोरण आणलं. २०११ मध्ये लहान शेतकऱ्यांसाठी सोपी अशी ‘पीजीएस-इंडिया’ पद्धत आली. त्यात किमान पाच शेतकऱ्यांचा गट एकमेकांची शेतं तपासतो. रूपांतराच्या काळात ‘ग्रीन’ आणि तो संपल्यावर ‘ऑरगॅनिक’ असा शिक्का मिळतो. २०१७ च्या अन्नसुरक्षा नियमांनी ‘जैविक भारत’ हे चिन्ह आणलं. स्वतः पिकवून थेट गिऱ्हाइकाला विकणाऱ्या छोट्या शेतकऱ्याला या प्रमाणपत्राच्या सक्तीतून सूट आहे, मात्र ते चिन्ह त्याला लावता येत नाही.

म्हणजे रस्त्यावर पाटी घेऊन बसलेल्या बाईकडे शिक्का नसला तर ती खोटं बोलते असं नाही. पण ती खरं बोलते, हे कळायलाही मार्ग नाही!

अर्ध्या वाटेवरची भाजी

मी शहाणपणा शिकवायला गेले आणि दादाने ते मनावर घेतलं, हे आमच्या घरातलं आश्चर्य. मात्र त्याने एकदम सगळं सोडलं नाही. “आधी कमी करून बघतो,” म्हणाला. अर्धा एकर वेगळा काढला.

अमरावती जिल्ह्यातल्या सुभाष पाळेकरांचं नाव आपल्या भागात नवीन नाही. या मराठी माणसाची नैसर्गिक शेती कर्नाटकात रयत संघाच्या शिबिरांतून गावोगाव पोचली. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. दादा त्यांच्या पद्धतीचं जीवामृत करू लागला. दोनशे लिटर पाणी, दहा किलो ताजं शेण, पाच ते दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो डाळीचं पीठ आणि बांधावरची मूठभर माती. सावलीत दोन दिवस आंबवायचं आणि एकराला द्यायचं. अळीसाठी पाच किलो निंबोळ्यांच्या गराचा शंभर लिटर पाण्यात अर्क. शिवाय कामगंध सापळे.

सगळ्यात उपयोगी ठरली ती मोहरी! बेंगळूरजवळ हेसरघट्ट इथे भारतीय फलोत्पादन संशोधन संस्था आहे. कोबीच्या दर पंचवीस ओळींमागे मोहरीच्या दोन ओळी लावा, ही तिथल्या शास्त्रज्ञांची शिफारस. कोबी पोखरणाऱ्या पतंगाला मोहरी अधिक आवडते. तो अंडी तिच्यावर घालतो, तिथेच त्याचा बंदोबस्त करायचा. पहिल्या वर्षी आठ-नऊ फवारण्या चारांवर आल्या, दुसऱ्या वर्षी तीनांवर.

पण गड्डे लहान झाले. वरच्या पानांना भोकं पडली. शेणखत विकत घ्यायचं तर ट्रॉलीला काही हजार मोजावे लागतात आणि ती आणायला-पसरायला माणसं लागतात. उलट पंचेचाळीस किलोची युरियाची गोणी सरकारी अनुदानामुळे पावणेतीनशे रुपयांच्या आत मिळते. व्यापाऱ्याने माल पाहिला आणि नेहमीपेक्षा कमी दर लावला. अडत, हमाली, तोलाई कापून हातात जे आलं ते दादाने मला मुद्दाम दाखवलं. ती पट्टी अजून माझ्या पर्समध्ये आहे.

तेव्हा ठरलं, की व्यापारी नको, आपणच विकू. शेतकऱ्याने थेट गिऱ्हाइकापर्यंत यावं म्हणून १९९९ साली आंध्रात ‘रयतु बाजार’ आणि तामिळनाडूत ‘उळवर संदै’ सुरू झाले. आमचा बाजार एवढा मोठा नाही. आमच्या भागात देवळाजवळच्या मोकळ्या जागेत रविवारी सकाळी दहा-बारा शेतकरी बसतात. त्यात वहिनी बसू लागली.

“वन्सं, आता तुमीच सांगा”

पहिल्याच रविवारी काय झालं ते सांगते. एका बाईंनी कोबी उचलून विचारलं, “औषध नाही ना मारलेलं?” वहिनी म्हणाली, “तीनदा मारलंय ओ. शेवटचं मारून वीस दिवस झाले.” बाईंनी गड्डा खाली ठेवला आणि शेजारी गेल्या. शेजारचा माणूस छातीवर हात ठेवून म्हणाला, “फुल ऑरगॅनिक!” त्याची पोती सकाळीच ठोक बाजारातून रिक्षाने उतरताना आम्ही दोघींनी पाहिली होती.

दहा वाजेपर्यंत त्याची टोपली रिकामी झाली. आमची निम्मी तशीच. उरलेले गड्डे पोत्यात भरताना वहिनी म्हणाली, “वन्सं, खरं सांगितलं तर भाजी उरतीया, खोटं सांगितलं तर खपतीया. पोरांच्या फिया भरायच्या हायत. आता तुमीच सांगा, पुढच्या रविवारी काय सांगू?”

वर्गात अकरलॉफ शिकवणं सोपं असतं. त्या मोकळ्या जागेत ऊन चढत होतं आणि माझ्याकडे तिला द्यायला उत्तर नव्हतं. माझ्याच हट्टापायी तिचं निम्मं उत्पन्न गेलं होतं. “एवढं एक वाक्य खोटं बोल” म्हणणं माझ्या तोंडातून निघेना आणि “खरंच बोल” म्हणायचा मला अधिकार होता का?

शेवटी मी त्या दिवशी उरलेली सगळी भाजी घेतली आणि आमच्या गल्लीत, स्टाफरूममध्ये, ओळखीच्या घरी पोचवली. हा काही उपाय नव्हे, हे मलाही कळत होतं. पण प्रत्येक घरी मी तेच सांगितलं, की ही सेंद्रिय नाही. तीनदा फवारलेली आहे, शेवटची फवारणी वीस दिवसांपूर्वीची. आणि एक गोष्ट लक्षात आली. सावकाश सांगितलं की माणसं ऐकतात. एका काकूंनी विचारलं, “म्हणजे इतर वेळी आम्ही खातो ती किती वेळा मारलेली असते?” हा प्रश्न त्यांनी त्याआधी कुणालाच विचारला नव्हता.

पाटी

पुढच्या रविवारी मी घरातली जुनी पाटी घेऊन गेले. तीवर लिहिलं: कोबी. बियाणं संकरित. औषध तीन वेळा. शेवटची फवारणी अमुक तारखेला. खाली हेच कन्नडमध्ये लिहायला शेजारी बसणाऱ्या अज्जींच्या नातवाला सांगितलं. आपल्याकडे पाटी कुठल्या भाषेत लिहायची यावरून काय काय झालंय ते मी सांगायला नको. या पाटीवर मात्र दोन्ही भाषा गुण्यागोविंदाने बसल्या, कारण दोन्हींत मजकूर एकच होता आणि तो खरा होता!

चमत्कार झाला असं कृपा करून समजू नका. दोन गिऱ्हाइकं ‘तीन वेळा’ वाचून निघून गेली. पण चार-पाच जणं थांबली. एकाने विचारलं, “वीस दिवसच का?” मग दादाने त्याला औषधाच्या डब्याबरोबर येणारं माहितीपत्रक दाखवलं. प्रत्येक औषधाला फवारणी ते काढणी असा प्रतीक्षा कालावधी असतो, कुठल्याला तीन दिवस, कुठल्याला दोन-तीन आठवडे. डब्यावरचा रंगीत त्रिकोणही दाखवला. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा आणि हिरवा त्यातल्या त्यात सौम्य. मोनोक्रोटोफॉससारखं औषध भाजीपाल्यावर वापरायला २००५ पासूनच बंदी आहे, हेही त्या गर्दीत बहुतेकांनी पहिल्यांदाच ऐकलं.

हळूहळू अशी तीसेक घरं जोडली गेली. शेजारच्या अज्जींनीही नातवाकडून स्वतःची पाटी लिहून घेतली. त्यांच्या मेथीला काहीच मारलेलं नसतं. “एण्णी होडदिल्रि,” त्या आधीही सांगायच्या, पण कोणी विश्वास ठेवत नव्हतं. आमच्या पाटीवरचा ‘तीन वेळा’ खरा वाटला म्हणून त्यांच्या पाटीवरचा ‘शून्य’ही खरा वाटू लागला. ‘फुल ऑरगॅनिक’वाल्यालाही आता गिऱ्हाइकं विचारतात, “पाटी कुठाय?” तो सध्या शनिवारच्या बाजारात बसतो.

यंदाच्या पावसाने मात्र परीक्षा पाहिली. सलग ढगाळ हवेत कोबीवर रोग आणि अळी एकदमच आली. दादाने एक जादा फवारणी केली. वहिनीने पाटीवर तीनाचे चार केले. एक नेहमीचे गृहस्थ म्हणाले, “मग तुमच्यात आणि इतरांत फरक काय राहिला?” वहिनी म्हणाली, “फरक एवढाच ओ, की आमी सांगिटलं.” ते गेले, परत आले नाहीत. त्यांच्या रागातही तथ्य आहे. कमी औषधाची भाजी म्हणजे सेंद्रिय भाजी नव्हे, तसं म्हणायचा आम्हाला हक्कही नाही.

आपण काय करायचं?

माझ्या वाचक भगिनींना आणि बंधूंना एवढंच सुचवावंसं वाटतं. ‘ऑरगॅनिक आहे का?’ हा प्रश्न विचारू नका, त्याचं उत्तर ‘हो’ असंच येतं. ‘किती वेळा मारलंय आणि शेवटचं कधी?’ असं विचारा. ‘एष्ट सल होडदीरि, यावाग होडदीरि?’ ज्याने स्वतः पिकवलंय त्याला हे सांगता येतं. ज्याने ठोक बाजारातून आणलंय तो गडबडतो.

हंगामाची भाजी घ्या. भर उन्हाळ्यात फ्लॉवर हवा असेल तर त्यामागे फवारे आलेच. वांगी, भेंडी, कोबी, फ्लॉवर, मिरची यांना कीड फार, म्हणून औषधही फार. शेवगा, सुरण, रताळी, कच्ची केळी, फणस यांना सहसा कमी लागतं. भाजी वाहत्या पाण्याखाली चोळून धुतली की वरवरचा बराच अंश जातो, पण झाडात भिनणारं आंतरप्रवाही औषध धुऊन जात नाही. आणि वांग्याला एखादं भोक दिसलं तर ते टाकू नका, तेवढा भाग कापून टाका. आपण भोक नाकारतो म्हणून शेतकरी पंप उचलतो. दहा रुपयांसाठी घासाघीस करताना रूपांतराची ती दोन वर्षं कुणाच्या खिशातून जातात, हेही एकदा मनात आणा.

परवा वहिनी घरी आली तेव्हा नेहमीसारखी पिशवी घेऊन आली. मी सवयीने म्हटलं, “घरच्या वाफ्यातली ना?”

“घरचा वाफा आता न्हाई वन्सं,” ती म्हणाली. “तिथंबी मोहरी लावली. जे विकतो तेच खातो.”

मी गड्डा हातात घेतला. वरच्या पानाला दोन भोकं होती. इतक्या वर्षांत माहेरच्या भाजीला जो प्रश्न कधी विचारला नव्हता तो विचारला, “वहिनी, किती वेळा मारलंय?”

“चार,” ती म्हणाली. “शेवटचं मारून बावीस दिवस झाले.”

त्या संध्याकाळी आम्ही त्याच कोबीची भाजी केली.